पाय भिजवायचे, पण कशात? मीठ, व्हिनेगर, चहा, तुरटी की नुसतं पाणी

टब भरण्याआधी दोन गोष्टी बघा. तळवा वळवून टाच बघा, आणि बोटं फाकवून बेचक्या बघा. टाच कोरडी, पांढरट, उललेली असेल तर तुमचा पाय कोरडा आहे. बेचकी ओलसर, पांढरी पडलेली, खाजणारी असेल किंवा बूट काढल्यावर वास येत असेल, तर पाय ओला आहे. घरगुती कृती सांगणारे बहुतेक लोक हा फरक न करताच मीठ, सोडा, लिंबू आणि शाम्पू एकाच टबात ओतायला सांगतात. कोरड्या पायाच्या त्वचेत पाणी धरून ठेवायचं असतं आणि ओल्या पायाच्या त्वचेतून ते कमी करायचं असतं. ही दोन्ही कामं एका टबातून होत नाहीत, म्हणून निवड इथूनच सुरू करावी.

मधुमेह असेल तर आधी शेवटचा भाग वाचा. बाकी सगळ्यांसाठी पाणी मात्र कोमटच हवं. घोटे बुडतील इतकं, म्हणजे चार-पाच लीटर पुरतं. कोपर बुडवून बघा, चटका जाणवला तर गार पाणी घाला. कडकडीत पाण्याने बरं वाटतं खरं, पण ते त्वचेतला तेलकटपणा काढून नेतं.

ओले पाय: व्हिनेगर, चहा की तुरटी?

घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. बंद बुटात घाम साचतो, त्यावर जीवाणू वाढतात आणि ते घामातले व मृत त्वचेतले घटक तोडतात, तेव्हा तो आंबूस वास येतो. कधी तळव्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगेही दिसतात. दिवसभर सेफ्टी शूज किंवा गमबूट घालणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.

व्हिनेगर या जीवाणूंना मानवत नाही. आपल्या त्वचेचा पीएच मुळातच आम्लाकडे झुकलेला, साधारण ५ च्या आसपास असतो, आणि व्हिनेगर त्याच दिशेने काम करतं. दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर घ्या. त्यात सुमारे ४ टक्के आम्ल असतं. एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी हे प्रमाण पुरे, वेळ १० ते १५ मिनिटं. एवढं व्हिनेगर मोठ्या टबाला परवडत नाही, म्हणून पसरट घमेल्यात तळवे आणि बोटं बुडतील इतकंच पाणी घ्यावं. पायाला चीर असेल तर व्हिनेगर झोंबतं. अशा वेळी सहन करत बसू नका, पाय लगेच साध्या पाण्याने धुवा.

घामच जास्त येत असेल तर मी चहाला पहिली पसंती देईन. दोन चमचे चहापूड अर्धा लीटर पाण्यात १५ मिनिटं उकळा, गाळा, त्यात दोन लीटर साधं पाणी घाला आणि कोमट झाल्यावर २० मिनिटं पाय बुडवून बसा. चहातलं टॅनिन त्वचा आकसवतं, त्यामुळे घाम काही काळ कमी होतो. एका दिवसात फरक पडत नाही, आठवडाभर रोज करावं लागतं. नखांच्या कडांना थोडा तपकिरी रंग चढतो, तो धुऊन जातो. दूध-साखर घातलेला उरलेला चहा अर्थातच चालत नाही.

तुरटीही आकसवण्याचंच काम करते. दाढीनंतर न्हावी ती याच गुणासाठी फिरवतात. ती स्वस्त आहे आणि किराणा दुकानात सहज मिळते. अडचण प्रमाणाची आहे. खडा पाण्यात किती फिरवला यावर ताकद ठरते, आणि ती जास्त झाली की त्वचा ओढल्यासारखी होते. म्हणून तुरटी घामट तळव्यांसाठी ठेवा, भेगांजवळ नेऊ नका. कडुलिंबाच्या काढ्याचंही तसंच आहे. पाला किती, कोवळा की जून, किती उकळला, यावर सगळं अवलंबून, त्यामुळे त्याची खात्री देता येत नाही. त्याने अपाय क्वचितच होतो, पण औषधाच्या जागी तो धरू नये.

चिखल्यांचं मात्र वेगळं बघायला हवं. भातलावणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात उभं राहिलेल्या बाईने संध्याकाळी पुन्हा पाय भिजवत बसणं म्हणजे दुखण्यात भर घालणं आहे. तिला कोरडेपणा हवा असतो. पाय साबणाने धुवावेत, सुती फडक्याने प्रत्येक बेचकी टिपावी, रात्री पाय उघडे ठेवावेत. बुरशी असेल तर क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनचं साधं मलम लावावं, आणि खाज थांबली म्हणून लगेच बंद करू नये. मेडिकलमध्ये स्टेरॉइड मिसळलेली तीन-चार औषधांची एकत्र क्रीम सर्रास दिली जाते. तिने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. 'क्लोबेटासोल' किंवा 'बीटामेथासोन' दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती लावू नका. शहरात पुराच्या पाण्यातून चालून आला असाल आणि पायाला जखम असेल, तर टबाचा विचार बाजूला ठेवा. पाय साबणाने धुवा आणि लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे पुराच्या दूषित पाण्यातून होणारा संसर्ग) गोळी हवी का, हे डॉक्टरांना लगेच विचारा.

कोरडे पाय: नुसतं पाणी पुरतं

जळवाताच्या भेगांसाठी लोक सर्वात जास्त साहित्य गोळा करतात, आणि नेमकी इथेच त्याची सर्वात कमी गरज असते. खाण्याचा सोडा पाणी अल्कधर्मी करतो. टाच मऊ वाटते आणि मळ निघतो, पण सोबत त्वचेचं संरक्षक आवरणही कमजोर होतं. दोन दिवसांनी टाच आधीपेक्षा कोरडी होते, मग आपण पुन्हा सोडा घेतो. मीठही कोरडेपणा वाढवतं. मळ फारच असेल तर थोडा सौम्य शाम्पू सोड्यापेक्षा बरा.

कुष्ठरोगाने पाय बधिर आणि कोरडे झालेल्या रुग्णांना स्वतःच्या पायांची निगा राखायला शिकवतात, तीही साधीच असते. पाय साध्या, न तापवलेल्या पाण्यात बुडवायचे, जाड झालेली त्वचा हलक्या हाताने घासायची आणि पाय ओलसर असतानाच तेल लावायचं. पाण्यात काहीही मिसळायचं नाही. भेगांनाही हाच क्रम लागू पडतो. १५ मिनिटं भिजवल्यावर वजरी हलकी फिरवा. ब्लेड किंवा किसणीसारखी धारदार साधनं टाळा. मग पाय टिपून पाच मिनिटांच्या आत काहीतरी स्निग्ध लावा, कारण त्वचेने घेतलेलं पाणी तेवढ्यातच उडायला लागतं.

लावायचं काय? कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बियांचं तेल, म्हणजे भिरंडेल, भेगांवर पिढ्यान् पिढ्या लावतात. ते गार हवेत घट्ट असतं आणि ऊब लागली की वितळतं, त्यामुळे भेगेत जाऊन बसतं आणि टिकतं. ते मिळालं नाही तर साधं व्हॅसलीन त्याच कामाचं. टाच फारच जाड असेल तर १० ते २५ टक्के युरिया असलेली क्रीम दोन्हींपेक्षा सरस ठरते, पण उघड्या भेगेत ती चरचरते. वर सुती मोजे घालून झोपा. घरात काशाची वाटी असेल तर तूप लावून तळव्यावर फिरवायला हरकत नाही, आराम वाटतो. तळव्याला येणारा काळेपणा धातूचा असतो, शरीरातली उष्णता नव्हे.

थकलेले पाय: एप्सम मीठ घ्यावं का?

एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडमधल्या एप्सम गावावरून त्याला हे नाव पडलं. त्यातलं मॅग्नेशियम त्वचेतून आत जाऊन स्नायू सैल करतं, हा दावा पाकिटांवर ठळक असतो. त्याला भक्कम पुरावा नाही. बरं वाटतं ते कोमट पाण्याने आणि २० मिनिटं बसून राहिल्याने. म्हणून घरातलं साधं मीठ मूठभर घाला किंवा घालूही नका, आणि वाचलेल्या पैशांत टाचेसाठी चांगली क्रीम आणा. दोन्ही पावलांना रोज सूज येत असेल तर ती मिठाने उतरवायच्या मागे लागू नका. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाच्या गोळीमुळेही सूज येते, तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

दोन मिश्रणं सरळ सोडून द्या. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की भरपूर फेस येतो, पण दोघं एकमेकांना निकामी करतात आणि टबात जवळजवळ खारट पाणी उरतं. लिंबू चोळून उन्हात गेलात तर रसातल्या घटकांमुळे त्वचा भाजल्यासारखी होऊन तिच्यावर काळे डाग पडू शकतात.

मधुमेह असेल तर

पाय भिजवूच नका, वर सांगितलेल्या कोणत्याही पाण्यात नाही. संवेदना कमी झालेल्या पायाला चटका कळत नाही, भिजून मऊ पडलेली त्वचा लवकर फाटते, आणि रक्तपुरवठा कमी असेल तर जखम महिनोन् महिने भरत नाही. कुष्ठरुग्णांना शिकवलेली पद्धतही स्वतःच्या मनाने इथे लावू नका. पाय रोज ३७ अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्याने धुवा आणि बेचक्या कोरड्या करा. तेल किंवा क्रीम तळव्याला व टाचेला लावा, बोटांच्या मध्ये नको. पाणी किती गरम आहे हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या, कारण मधुमेहात हातही बधिर झालेले असू शकतात. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून रोज बघा, आणि लाल चट्टा, फोड किंवा नवी भेग दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.