दोनशेचं, बाराशेचं आणि साडेचार हजारांचं हेल्मेट: पैसे नेमके कशाला पडतात?

रस्त्याकडेला दोरीवर टांगलेलं हेल्मेट दोनशे ते साडेतीनशे रुपयांना मिळतं. घेण्याआधी आतलं कापड बोटाने बाजूला सारून पाहा. बऱ्याचदा तिथे नुसता स्पंज असतो. थर्माकोल असलाच तर नखाने खरवडल्यावर दाणे सुटतात, आणि तोही माथ्यापुरताच. कानशिलांपर्यंत उतरत नाही. पट्टा दोन्ही बाजूंना एकेका पातळ रिव्हेटवर लटकलेला. बाहेरून मात्र चकचकीत रंग आणि आयएसआयचा स्टिकर. ‘निदान चलन तरी वाचेल’ म्हणून लोक हे घेतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ला हेल्मेट हवं ते भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) मानकानुसार बनवलेलं, आणि डोक्यावर पट्टा बांधून घातलेलं. नाहीतर कलम १९४डी खाली हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन. म्हणजे दोनशे रुपये देऊन चलनापासूनही संरक्षण विकत घेतलेलं नाही.

हेल्मेटमध्ये खरं काम थर्माकोलचं, म्हणजे ईपीएसचं. बाहेरचं कवच फटका पसरवतं आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही. डोकं आपटतं तेव्हा दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा घट्ट ईपीएस चिरडत जातो आणि तेवढ्या अंतरात डोक्याचा वेग कमी होतो. स्पंज अंगठ्यानेच पूर्ण दबतो, त्यामुळे आपटताना तो असून नसल्यासारखा. एकदा चिरडलेला ईपीएस पुन्हा फुगत नाही, म्हणूनच एका अपघातानंतर हेल्मेट बाद धरायचं, वरून ओरखडासुद्धा दिसत नसला तरी. सेकंडहँड हेल्मेट घेऊ नये ते यासाठीच.

आयएसआय खरा की खोटा, हे दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत कळतं. चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. नुसतं चिन्ह असेल तर हेल्मेट खाली ठेवा. क्रमांक असेल तर ‘बीआयएस केअर’ ॲप उघडून परवाना तपासण्याच्या पर्यायात तो टाका. कंपनीचं नाव, पत्ता, ब्रँड आणि परवाना चालू आहे की संपलेला, सगळं समोर येतं. ब्रँड जुळला पाहिजे. दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही आहेत. १ जून २०२१ पासून आयएसआयशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं दोन्ही बेकायदा आहे. तरी केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं त्यानुसार एकट्या दिल्लीत परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून जास्त हेल्मेट जप्त झाली. तेव्हा परवान्याची स्थिती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट आयएस २९२५ चं असतं. ते वरून पडणाऱ्या विटेसाठी आहे, गाडीसाठी नाही.

आता हजार ते अठराशेची रेंज. स्टड्स, स्टीलबर्ड, बेळगावची वेगा, सगळ्यांची साधी फुल फेस मॉडेल्स इथे मिळतात. आमचं स्पष्ट मत: शहरात रोज पंधरा-वीस किलोमीटर जाणाऱ्याने इथेच खरेदी करावी, आणि ग्राफिक्सवर एक रुपयाही जास्त घालू नये. त्याच मॉडेलचं सिंगल कलर काही शे रुपयांनी स्वस्त असतं आणि आतला माल तोच. या रेंजच्या उणिवाही ठाऊक हव्यात. काच लवकर ओरखडते आणि रात्री समोरच्या हेडलाइटचा प्रकाश त्या ओरखड्यांवर फुटतो, म्हणून बदली काच मिळते का हे खरेदीच्या वेळीच विचारा. आतलं कापड निघत नसेल तर घामाचा वास जात नाही. चीक पॅड (गालांजवळची गादी) निघणारं मॉडेल घ्या. प्लास्टिकचं खटका-बक्कल काही महिन्यांनी अर्धवट बसून ‘टक’ असा आवाज देतं आणि ओढलं की सुटतं. दातेरी पट्टीचं मायक्रोमेट्रिक बक्कल मिळत असेल तर शंभर रुपये जास्त द्या.

साडेतीन ते सहा हजारांत ॲक्सॉर, एसएमके, एमटी यांच्यासारखे ब्रँड येतात. इथे आयएसआयसोबत युरोपचं ईसीई प्रमाणपत्र असलेली मॉडेल्स मिळतात. हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर वर्तुळात ‘ई’ आणि देशाचा आकडा असतो, उदाहरणार्थ स्पेनचा ९. ०६ ने सुरू होणारा क्रमांक नव्या, जास्त कडक २२.०६ नियमांचा, ०५ म्हणजे आधीचे. जास्तीचे पैसे पडतात ते कमी-जास्त घनतेच्या ईपीएसला, डबल डी-रिंगला (दोन कड्यांतून पट्टा ओवून बांधायची पद्धत), पिनलॉक (काचेवर वाफ धरू न देणारी आतली पट्टी) बसणाऱ्या काचेला आणि वाऱ्यात स्थिर राहणाऱ्या आकाराला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने किंवा पुणे-कोल्हापूर हायवेने नियमित जाणाऱ्याला, पावसाळ्यात कोकणात उतरणाऱ्याला हे पैसे वसूल आहेत. मात्र फक्त ईसीई किंवा अमेरिकेच्या डॉट मानकाचा स्टिकर असलेलं, आयएसआय नसलेलं हेल्मेट भारतात चालत नाही, कितीही महाग असो.

ओपन फेसमध्ये जबडा उघडा राहतो, आणि तोंडावर पडणं दुचाकीवर नवलाचं नाही. आम्ही ते सुचवत नाही. चष्मेवाल्यांना फ्लिप-अप, म्हणजे हनुवटीचा भाग वर उघडणारं हेल्मेट, सोयीचं पडतं. तिथे हनुवटीचं लॉक धातूचं आहे का ते पाहा आणि गाडी चालवताना ते बंदच ठेवा.

सगळ्यात जास्त चूक होते ती मापात. टेप भुवयांच्या अडीच सेंटीमीटर वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवा आणि आलेला आकडा हेल्मेटवरच्या मिलिमीटरशी जुळवा. एम, एल या अक्षरांवर जाऊ नका, एका कंपनीचं एल दुसऱ्या कंपनीचं एम असू शकतं. नवं हेल्मेट गालांना दाबलंच पाहिजे, इतकं की बोलताना गाल दातांत यावेत. कपाळ आणि अस्तर यांच्यात बोट जाता कामा नये. हेल्मेट हाताने धरून हलवलं की कपाळाची कातडी हेल्मेटसोबत हलली पाहिजे. मग पट्टा बांधा आणि मागची कड धरून हेल्मेट पुढे ढकला. निघून आलं तर ते तुमचं नाही. शेवटी पंधरा मिनिटं घालून बसा. कपाळावर एकाच जागी लाल वळ उठून दुखू लागलं तर आकार चुकलाय, दुसरं मॉडेल बघा. पॅडिंग काही आठवड्यांत थोडं बसतं, म्हणून ‘आत्ताच आरामदायी’ वाटणारं हेल्मेट पुढे सैल होणार. स्कार्फ बांधून गाडी चालवत असाल तर मापही तोच पातळ स्कार्फ बांधून घ्या. केसांचा क्लॉ क्लिप काढून वेणी किंवा पोनी मानेवर खाली घ्या, कारण अंबाड्यावर टेकलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं.

पुण्यात हेल्मेटसक्तीचा वाद निघाला की मानदुखी हमखास निघते. ती पुष्कळदा सैल हेल्मेटमुळे असते. वारा ते उचलतो आणि मान दिवसभर ते खाली ओढत राहते.

पट्टा गळ्याला टेकेल इतका, एक-दोन बोटं जातील एवढाच सैल. गाडीच्या आरशावर हेल्मेट अडकवू नका, आरशाचं टोक आतल्या ईपीएसमध्ये खड्डा पाडतं. पेट्रोल ईपीएस विरघळवतं, म्हणून पेट्रोलच्या फडक्याने पुसणं, थिनरने स्टिकर काढणं बंद. साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरतं. भिजलं तर सावलीत, काच उघडी ठेवून वाळवा. पाच वर्षांनी बदला; लेबलवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष खरेदीच्या वेळीच पाहून घ्या, दुकानात तीन वर्षं पडलेला माल सवलतीत मिळतो.

मागे बसणाऱ्याचं हेल्मेट हेही याच खरेदीत धरा. हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत मृत्यू झाला, त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. चार वर्षांवरच्या मुलाला कायद्यानेच हेल्मेट लागतं, आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळाला हेल्मेटसोबत सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. मोठ्यांचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर फिरतं, त्यामुळे लहान मापाचं वेगळंच घ्या, आणि दर सहा महिन्यांनी टेप पुन्हा लावा. नव्या गाडीसोबत शोरूम हेल्मेट देतं तेव्हाही माप विचारलं जात नाही. गाडी ताब्यात घेण्याआधी ते डोक्यावर घालून बघा आणि बसत नसेल तर तिथेच बदलून मागा.