सामान्य मानसशास्त्राचा पेपर: वर्षभर अभ्यासल्यानंतरचा अनुभव

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घ्यावं का, असं विचारणाऱ्या बारावीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितेय. दोन्ही सत्रं झाली, अंतर्गत परीक्षा झाल्या, जर्नलवर सह्या झाल्या. माझं मत आधीच सांगून टाकते: विषय जरूर घ्या. मात्र समोरच्याच्या मनातलं ओळखता येईल या आशेने येणार असाल, तर पहिल्या दोन-चार धड्यांतच मन उडेल. माणसाच्या वागण्याबद्दल कुणी काही ठामपणे सांगितलं तर ते तपासायचं कसं, हे या पेपरात शिकायला मिळतं. मला तरी याहून मोलाचं काही पहिल्या वर्षात मिळालं नाही.

सुरुवात रटाळ आहे. व्याख्या, स्वरूप, व्याप्ती, मग संप्रदाय, म्हणजे या विषयातल्या वेगवेगळ्या विचारधारा. वुंट यांनी 1879मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, वॉटसन यांनी 1913मध्ये वर्तनवाद (फक्त दिसणारं वागणं अभ्यासायचं, हा विचार) मांडला, असं एकामागून एक येत राहतं. परीक्षेला विचारतात, म्हणून करावंच लागतं. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात 1916मध्येच मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला होता, हे मात्र वर्गात एका वाक्यात उरकलं. तिथे थोडं थांबायला हवं होतं.

खरी गोडी लागते ती प्रात्यक्षिकांपासून. म्युलर-लायर या दृष्टिभ्रमाचा प्रयोग आम्ही जोडीने केला, एक प्रयोगकर्ता आणि एक प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. पट्टीवर दोन रेषा असतात. एकीच्या टोकांना बाणासारखी आत वळलेली टोकं, दुसरीच्या टोकांना बाहेर पसरलेली. बाहेर पसरलेली रेषा सरकवून ती पहिलीएवढी दिसेल तिथे थांबवायची. मागच्या बाजूला मिलिमीटरची मोजपट्टी असते, ती फक्त प्रयोगकर्त्याला दिसते. बाहेर पसरलेल्या टोकांची रेषा आहे त्याहून लांब भासते, म्हणून प्रयुक्त ती खऱ्या मापापेक्षा आखूडच ठेवतो. आता गंमत अशी, की हा भ्रम आहे हे माहीत असलं, धडा वाचून झालेला असला, तरी डोळा फसतोच. एकदा रेषा लांब ठेवून आखूड करत आणायची, एकदा आखूड ठेवून लांब करत न्यायची. जागाही डावी-उजवी बदलायची. असं का, हे बाईंनी विचारल्यावर आधी कुणालाच सांगता आलं नाही. एकाच दिशेने सरकवत राहिलं तर हाताची सवय मोजमापात शिरते, आणि मग आपण भ्रम मोजतोय की सवय, हेच कळत नाही. हे उत्तर मला अख्ख्या पहिल्या प्रकरणाहून जास्त शिकवून गेलं.

स्मृती आणि विस्मरणाचं प्रकरण रोजच्या अभ्यासात थेट उपयोगी पडतं. एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ केले आणि ठरावीक काळानंतर तेच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं. 1885मध्ये छापलेल्या त्यांच्या आकड्यांत 20 मिनिटांनी वेळेची बचत 58 टक्के, एका दिवसाने सुमारे 34 टक्के आणि महिन्याने 21 टक्के. म्हणजे मोठी गळती पहिल्या दिवसातच होते, नंतर वेग मंदावतो. याच्या जोडीला रोडिगर आणि कार्पिके यांचा 2006चा प्रयोग वाचा. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी 81 टक्के आठवलं, आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांना 75. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणारे 42, लिहिणारे 56. वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरात हात थांबतो, त्याचं कारण बरंचसं इथे आहे. मेंदूचा धडा मी याच पद्धतीने केला. पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर मेंदूचे चारही खंड काढून नावं घालायची, मग पुस्तक उघडून तपासायचं. सत्रान्त परीक्षेत ती आकृती न अडखळता उतरली.

अध्ययनाच्या, म्हणजे माणूस शिकतो कसा याच्या, प्रकरणात एक जागा वाचताना मला फार त्रास झाला. वॉटसन आणि रेनर यांनी 1920मध्ये एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती बसवली. उंदीर दिसला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. ती भीती घालवण्याआधीच मुलाला रुग्णालयातून नेण्यात आलं. आमच्या नोट्समध्ये हा प्रयोग अभिजात अभिसंधानाचं (दोन गोष्टी वारंवार जोडीने आल्या की एकीची प्रतिक्रिया दुसरीलाही मिळू लागते, त्याचं) उदाहरण म्हणून चार ओळींत होता आणि त्या मुलाबद्दल अवाक्षर नव्हतं. असा प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही, हे त्याच पानावर असायला हवं.

दुसरी तक्रार याहून मोठी आहे. 2015मध्ये एक अहवाल आला, त्यात मानसशास्त्रातले आधी छापून आलेले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले होते. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थ होता, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नव्हता. पुन्हा केल्यावर तसा 36 टक्क्यांतच मिळाला. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे सांगितलं तर विषयावरचा विश्वास उडेल, असं कुणाला वाटत असेल. माझा विश्वास वाढला, कारण स्वतःचेच निष्कर्ष उलटे तपासायची हिंमत या शास्त्रात आहे हे दिसलं. हे मला ग्रंथालयात सापडलं, वर्गात नाही. परीक्षेत अजून ‘टिपा लिहा’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ यांचंच राज्य आहे, त्यामुळे गाईड पाठ करणाऱ्यालाही चांगले गुण पडतात.

बुद्धिमत्ता आणि व्यक्तिमत्त्व ही प्रकरणं ठीक आहेत. अभ्यासक्रम मोठा, त्यामुळे ती शेवटी धावतपळत होतात.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगते. या पेपरावर कुणी समुपदेशक होत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (मानसिक आजारांची तपासणी आणि उपचार करणारा) म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, तो पल्ला बराच लांबचा आहे. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन दोन गोष्टी विचारा: प्रात्यक्षिकं खरोखर होतात की जर्नल नुसतं उतरवून घेतात, आणि प्रयोगशाळेत एका साधनामागे किती मुलं असतात. संख्याशास्त्राची भीती असेल तर सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) सुट्टीतच करून घ्या, दुसऱ्या सत्रात त्याला वेळ मिळत नाही.