माशांच्या टाकीचं वीजबिल: एसटीसी-१००० कंट्रोलर आठ महिने वापरल्यानंतर

वापर नोव्हेंबर ते जून. टाकी २ × १ × १ फूट, काठापासून दोन-तीन बोटं खाली भरली की साधारण ४८ लिटर पाणी. आत टेट्रा आणि गप्पी, १०० वॅटचा काचेचा हीटर, एअर पंपावरचा स्पंज फिल्टर, १८ वॅटची एलईडी. जागा कोथरूडमधल्या फ्लॅटचा हॉल.

एसटीसी-१००० म्हणजे पाण्याचं तापमान सेन्सरनं मोजून हीटर किंवा पंखा चालू-बंद करणारा डबा. हा कंट्रोलर घेतला तो वीज वाचेल म्हणून. त्याचं उत्तर आधीच देतो: नुसत्या कंट्रोलरनं वीज वाचत नाही. पाणी २५ अंशांवर धरायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच, चालू-बंद हीटरचा थर्मोस्टॅट करो की हा डबा. १०० ऐवजी ५० वॅटचा हीटर लावला की बिल निम्मं होतं, हाही गैरसमज. छोटा हीटर दुप्पट वेळ चालतो, एवढंच. कंट्रोलर स्वतः ३ वॅटांपर्यंत खातो, म्हणजे महिन्याला २ युनिटांच्या आसपास. तरी तो टाकीवर राहिला, कारण खरी बचत तापमान नेमकं कळल्यावर सुरू होते.

हिशेब सोपा आहे: वॅट गुणिले तास, भागिले १०००. एलईडी रोज ८ तास, महिन्याला ४.३ युनिट. ४ वॅटचा एअर पंप चोवीस तास, २.९ युनिट. त्याच्या जागी २५ वॅटचा टॉप फिल्टर असेल तर १८ युनिट. हे युनिट रुपयांत मोजताना सरासरी दर धरू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पा बदलतो, आणि टाकीची वीज घरच्या वापराच्या वर चढते. म्हणून तुमच्या बिलात जो सगळ्यात वरचा टप्पा लागलाय, तोच टाकीचा दर. त्यावर वहन आकार (वीज वाहून आणण्याचा आकार) आणि १६ टक्के वीज शुल्क. ज्यांचा वापर शंभर युनिटांच्या काठावर असतो, त्यांना जानेवारीत टाकी जास्त टोचते ती यामुळेच.

जानेवारीत रात्री हॉल १८-१९ अंशांवर येत होता. पाणी २७ वर, वर काचेचं झाकण, बाकी काही नाही, अशा वेळी प्लगच्या मीटरवर हीटरचं रोजचं रीडिंग ०.९ युनिटच्या आसपास. मग मागे, दोन्ही बाजूंना आणि टाकीखाली पाऊण इंची थर्माकोल लावला, पाणी २५ वर आणलं, रीडिंग ०.५ वर आलं. टेट्रा-गप्पींना २५ पुरतं. डिस्कसला नाही पुरणार, त्यांना २८-३० लागतं. गोल्डफिशला तर पुण्यात घरात हीटर लागतच नाही. झाकणाला मात्र पर्याय नाही: १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जाते. त्या मानानं पाणी बदलणं स्वस्त. १८ अंशांचं १२ लिटर नवं पाणी २५ वर न्यायला जेमतेम ०.१ युनिट. विजेसाठी पाणी बदलायचं टाळू नका.

आता कंट्रोलरचं सेटिंग. एफ१ म्हणजे हवं ते तापमान, एफ२ फरक, एफ३ कूलिंगचा विलंब, एफ४ सेन्सरची दुरुस्ती. एफ१ २५ आणि एफ२ ०.५ ठेवलं तर हीटर २४.५ ला लागतो, २५ ला बंद होतो. आणि कूलिंग, म्हणजे त्याला जोडलेला पंखा, २५.५ ला सुरू होतं. इथेच वीज वाया जाते. थंडीत दुपारी ऊन खिडकीतून आलं की पाणी २५.५ ला जातं, पंखा ती फुकटची ऊब उडवून लावतो आणि रात्री तीच हीटरला भरून द्यावी लागते. थंडीत पंख्याचा प्लग काढायचा, उन्हाळ्यात हीटरचा. एफ४ लावण्याआधी काचेच्या थर्मामीटरशी ताडून बघा. आमचा सेन्सर ०.८ अंश कमी दाखवत होता, म्हणजे पाणी विनाकारण तेवढं जास्त तापत होतं.

एप्रिल-मेमध्ये एफ१ २८, एफ२ १. १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा पाण्यावर तिरका; अडॅप्टर धरून ४ वॅटांच्या आत. पुण्याची उन्हाळी दुपार कोरडी असते, त्यामुळे पाणी २-३ अंश उतरतं. जूनमध्ये हवा दमट झाली की परिणाम जवळजवळ संपतो, पण तेव्हा गरजही उरत नाही. पंखा असताना काचेऐवजी जाळी टाका, मासे उड्या मारतात. पातळीची खूण चिकटपट्टीनं करून ठेवा. घट आरओच्या पाण्यानं भरा, नाहीतर वाफेमागे उरलेले क्षार साठत जातात.

जोडणीत बहुतेकांचं एकच चुकतं. कंट्रोलरच्या टर्मिनलांत १-२ ला सप्लाय, ३-४ ला सेन्सर, ५-६ हीटिंग, ७-८ कूलिंग. पण शेवटच्या दोन्ही जोड्या नुसते स्विच आहेत. त्यांना फेज वेगळा लूप करून द्यावा लागतो. कंट्रोलर ज्या पेटीत बसवाल तिला ७१ × २९ मिलिमीटरचं भोक. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) हवाच, आणि प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात शिरत नाही.

सगळ्यात मोठा धोका सेन्सरचा. वायर तुटली तर पडद्यावर ईई येतं. पण सेन्सर नुसता पाण्याबाहेर सुटला, तर तो हॉलची थंड हवा मोजत बसतो आणि हीटर थांबतच नाही. रबराच्या चिमट्याची पकड दोन महिन्यांत सैल पडली, तेव्हापासून सेन्सर स्पंज फिल्टरच्या नळीला केबल टायनं बांधलाय. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅटही २७ वर ठेवा, कंट्रोलरची रिले (आतला स्विच) चिकटली तर तोच आडवा येतो.

फिल्टर रात्री बंद करून वीज वाचवू नका. त्यातले जिवाणू ऑक्सिजनवर जगतात. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर बॅटरीचा एअर पंप लावा, आणि नेहमीचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह घाला, म्हणजे पाणी उलटं पंपात येणार नाही. वीज आल्यावर कंट्रोलर जुन्या सेटिंगवरच सुरू होतो.