पद्मिनीचे पार्ट: पाडवा ते दिवाळी

बाबांची १९७९ची प्रीमियर पद्मिनी पाडव्याला पुन्हा रस्त्यावर आली. तेव्हापासून अडीच हजार किलोमीटर झाले. रोजचं गावात फिरणं आणि महिन्यातून एकदा पन्हाळा. गाडीत तीन प्रकारचे पार्ट आहेत: डब्यातले नवे कोरे, मुंबईच्या टॅक्सीतून निघालेले आणि इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत बनवून घेतलेले. कुठला टिकला नि कुठल्यानं रडवलं, ते आता सांगता येतं.

रडवलं ते नव्यांनी. मागच्या चाकांचे व्हील सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं ब्रेक लावणारे) चकचकीत डब्यातून आले, म्हणून विश्वासानं टाकले. जुलैत पन्हाळ्यावरून उतरताना ब्रेक पेडल खाली खाली जायला लागलं. दुसऱ्या गिअरवर आणि हँडब्रेकवर वाघबिळापर्यंत आणली. बायको त्यानंतर आठवडाभर गाडीत बसली नाही. ड्रम उघडला तर सगळं ब्रेक ऑइलनं माखलेलं. सिलिंडरचं बोअर, म्हणजे आतलं भोक, खरखरीत, त्यावर घासून रबरी कप कातरलेला.

माळ्यावर टाकलेले मूळ सिलिंडर शोधले. बोअरला खड्डे होते, पण बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, बॉडी ठणठणीत. ते उद्यमनगरात नेले. लेथवाले काका म्हणाले, "मालक, एवढं चांगलं बीड टाकून दिलं व्हय?" आतून कापून स्टेनलेसची स्लीव्ह, म्हणजे नळी, ठोकली, होनिंग करून ती आतून गुळगुळीत केली. चार महिने झाले, थेंब नाही. एक सांगतो: ब्रेकचे कप पेट्रोलनं किंवा डिझेलनं धुऊ नका, रबर फुगतं. आमच्याकडं एका पोऱ्यानं तेच केलं होतं, एक सेट तसाच वाया गेला.

स्टिअरिंगवरच्या गिअरच्या लिंकेजचे, म्हणजे दांड्यांच्या सांध्यांचे, बुशही (सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या) तिथंच नायलॉनच्या रॉडमधून काढले. आधी तिसरा टाकायला गेलं की पहिला पडायचा! पंप आणि ऑइल इंजिनं घडवणाऱ्या गावात राहण्याचा हा फायदा: धातूचं काहीही नमुना दाखवून मिळतं. रबर आणि काच मात्र शोधतच फिरावं लागतं.

टॅक्सीतले पार्ट घ्यावेत का? घ्यावेत, पण हात लावून. माझा कार्बोरेटर कुर्ल्याच्या भंगारातला. टॅक्सी गॅसवर पळालेली, त्यामुळे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) चांगले होते, पण गॅस्केटं वाळून पापड झालेली. थ्रॉटलचा शाफ्ट (अ‍ॅक्सिलरेटरनं फिरणारी कार्बोरेटरमधली दांडी) बोटानं हलवून बघा. खडखडला तर तिथून हवा ओढतो आणि सिग्नलला गाडी बंद पडते. माझा हलत होता, बुश मारून घेतला. मुंबईत नोंद झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ची. वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३च्या ऑक्टोबरात तीही थांबली. त्यामुळे तिकडचा माल आता आटत जाणार. लागेल ते आत्ताच घेऊन ठेवलेलं बरं.

पेट्रोलचे जुने पाइप ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनं सहा महिन्यांत चिकट झाले. इथेनॉल चालणारा होज घातला, पंपाचा डायफ्रामही बदलला. स्वस्तात पडलं.

दाराचं नवं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, मात्र फसलं. इतकं कडक की दार आपटावं लागतं, शेजारच्या आजी रोज विचारतात, "कुणाशी भांडलास रे?" आणि एवढं करून पावसात डावीकडच्या तिकोनी काचेतून पाणी यायचं ते येतंच. त्या काचेचं रबर कुणाकडं मऊ मिळालं असेल तर सांगा. तोवर तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे.