ब्रॅम्प्टनच्या आइस हॉकी ‘अकॅडमी’ने आम्हाला कसं गंडवलं

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन या पट्ट्यात राहणाऱ्या आणि घरात पाच ते आठ वर्षांचं मूल असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. हॉकीचा सीझन जवळ आला की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फ्लायर फिरायला लागतो. डोक्यापासून पायापर्यंत सगळं गिअर, हिवाळाभर ट्रेनिंग आणि वर ‘सिलेक्शनची हमी’, एकाच पॅकेजमध्ये. अशा पॅकेजपायी आमचे २,४०० डॉलर गेले. ९०० गिअरचे, १,५०० ट्रेनिंगचे. आमच्यासारखी आणखी बरीच कुटुंबं आहेत, पण बोलायला कुणी तयार नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

ही अकॅडमी चालवणारे कोच, हे गृहस्थ, आम्हाला भेटले गणेशोत्सवात, महाप्रसादाच्या रांगेत. अंगात ट्रॅक जॅकेट, गळ्यात शिट्टी, मराठी अगदी साजूक. म्हणाले, “ताई, इथली पोरं तीन वर्षांची असताना बर्फावर उतरतात. तुमचा सहाचा, म्हणजे तसा लेटच झालाय. पण पोरात स्पार्क आहे, मी बघितलंय ना.” काय बघितलं होतं, तर हातात मोदक घेऊन हॉलभर पळताना बघितलं होतं.

पण ‘लेट झालाय’ हे दोन शब्द बरोबर जागी बसतात. तिशीत इथे आलेल्या आपल्यासारख्यांना ती भीती असतेच, की इथल्या मुलांना जे जन्मापासून मिळतं ते आपल्या मुलाला आपण देऊ शकत नाही आहोत. माझा नवरा सातारचा, टेनिस बॉल क्रिकेटवर वाढलेला. बॅट असती तर त्याने हातात घेऊन, ठोकून सांगितलं असतं की माल कसा आहे. स्केट्स आम्ही दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतले ते पोरासाठी. हे त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं. त्याचं सगळं गिऱ्हाईक असंच निवडलेलं होतं. ज्या घरात एकानेही कधी हॉकी खेळली आहे, त्या घरात तो फिरकलाच नाही.

आणि ‘लेट’ वगैरे काही नसतं. हॉकी कॅनडाच्या नियमाने सात वर्षांखालच्या गटात, म्हणजे ज्याला यू-७ म्हणतात त्यात, मुलं अख्ख्या रिंकवर खेळतसुद्धा नाहीत, बर्फाचे भाग पाडून खेळतात. गोल मोजत नाहीत, गुणतक्ता नसतो. त्या वयातलं शिक्षण म्हणजे पडणं, उठणं, एका पायावर घसरणं आणि थांबता येणं. ‘सिलेक्शन’ कसलं आणि हमी कसली!

आता गिअर. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे घरच्या घरी तपासता येतं.

मोठी काळी बॅग आली. वरून सगळं चकाचक, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, ‘नवंकोरं, होलसेलच्या भावात’. हेल्मेटच्या मागच्या बाजूला हिरव्या डायनोसॉरचा मोठा स्टिकर होता. पोरगं खूश. तो डायनोसॉर तिथे का होता, हे कळलं गावातल्या हॉकी संघटनेच्या प्रॅक्टिसला. आम्ही मुलाचं नाव त्या संघटनेच्या हाऊस लीगमध्येही, म्हणजे गावातल्या मुलांच्या आपसातल्या लीगमध्येही, घातलं होतं (अकॅडमी म्हणाली होती की रजिस्ट्रेशन आम्हीच करू, केलंच नव्हतं). ओंटारिओत प्रत्येक टीमबरोबर एक प्रशिक्षित ट्रेनर असतो. तो खेळ शिकवत नाही, मुलांची सुरक्षितता बघतो. आमच्या ट्रेनरबाईंनी ड्रेसिंग रूममध्ये हेल्मेट उलटंसुलटं केलं, नखाने डायनोसॉरचं टोक उचललं आणि खाली फक्त वाळलेल्या गोंदाचा चौकोन निघाला. तिथे सीएसएचं, म्हणजे कॅनडाच्या मानक संस्थेचं लेबल असायला हवं होतं. ते लेबल हेल्मेटवर हवं आणि चेहऱ्यासमोरच्या जाळीवर, म्हणजे केजवरही हवं. लेबल नसेल, काढलेलं असेल किंवा वाचता येत नसेल तर ते हेल्मेट मायनर हॉकीत, म्हणजे मुलांच्या हॉकीत, चालत नाही. केजचा एक स्क्रू गंजलेला, तर दुसरा भलत्याच मापाचा होता. बाई शांतपणे म्हणाल्या, हे घालून याला बर्फावर जाता येणार नाही. पोरगं पूर्ण तयार होऊन बाकावर बसलेलं. त्यांनी टीमचं जादाचं हेल्मेट दिलं म्हणून त्या दिवशी निभावलं.

मग त्यांनी बाकीची बॅग उपसली. नेक गार्ड म्हणून जी पट्टी होती ती नुसती कापडाची होती, थंडीत गळ्याला गुंडाळतात तशी. कॅनडात मायनर हॉकीला बीएनक्यूचं, म्हणजे क्यूबेकच्या मानक संस्थेचं लेबल असलेलाच नेक गार्ड लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डच्या सामन्यात अॅडम जॉन्सन हा खेळाडू स्केटच्या पात्याने मान कापली जाऊन गेला. त्यानंतर अमेरिकेतही १८ वर्षांखालच्या खेळाडूंना ऑगस्ट २०२४ पासून मानेचं संरक्षण सक्तीचं झालं. एवढ्या गोष्टीत कापडाची पट्टी देऊन पैसे घेणाऱ्या माणसाबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पैशाची फसवणूक एक वेळ समजू शकते मी, ही नाही.

स्केट्स दोन मापं मोठे. “वाढता पाय आहे ताई, आत लोकरीचे दोन मोजे घाला.” आपल्याला हे पटतं, कारण शाळेचे बूट आपण असेच वाढत्या मापाचे घेत आलोय. हॉकीत उलटं असतं. स्केटचं माप साधारणपणे रोजच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान येतं, बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि आत पातळ मोजा एकच. सैल स्केटमध्ये घोटा आत वळतो आणि पोरगं पात्याच्या कडेवर उभंच राहू शकत नाही. आमचा मुलगा दर वेळी “आई, पाय दुखतात” म्हणायचा आणि कोच म्हणायचे, “सवय होईल, स्ट्रेंथ कमी आहे.” शिवाय पातं नीट पाहिलं असतं तर कळलं असतं की पुढून आणि मागून धार लावून लावून पोलाद संपत आलंय. म्हणजे ‘नवेकोरे’ स्केट्स आधी कुणीतरी दोन-चार हिवाळे तरी वापरलेले होते.

स्टिक तर मोठ्या माणसाची, वरून करवतीने कापलेली. स्टिकवर फ्लेक्सचा आकडा असतो, म्हणजे ती किती वाकते ते. मुलाचं वजन पौंडात घेऊन त्याच्या निम्मा आकडा धरावा असा ढोबळ हिशेब आहे. आमचा तेव्हा ४५ पौंडांच्या आसपास, म्हणजे २० ते २५ ची यूथ स्टिक हवी. हिच्यावर ७५ छापलेलं. वर कापल्यावर ती आणखी ताठर होते, कारण छापलेला आकडा मूळ लांबीचा असतो. पोरगं अंगाचा सगळा भार टाकायचं, ती इंचभर हलायची नाही.

ट्रेनिंगची कथा थोडक्यात सांगते, कारण ट्रेनिंग असं फारसं झालंच नाही. सुरुवातीला ‘ऑफ-आइस’, म्हणजे कम्युनिटी सेंटरच्या तळघरात सहा-सात वर्षांच्या पोरांना उठाबशा काढायला लावणं. मग बर्फावर. पण तेव्हा हातात स्टिक नसायची. कोच म्हणायचे, आधी एजवर्क, म्हणजे पात्याच्या कडांवर तोल सांभाळणं, पक्कं झालं पाहिजे. ऐकायला अगदी बरोबर. खरं कारण वेगळंच होतं. तो आम्हाला नेत होता ते पब्लिक स्केटिंगच्या वेळेत, जिथे कुणीही दोन-चार डॉलर देऊन जाऊ शकतं आणि जिथे स्टिक नि पक न्यायला मनाईच असते. पब्लिक स्केटिंगमध्ये पैसे घेऊन शिकवणंही चालत नाही. एके दिवशी रिंकच्या माणसाने त्याला शिट्टी काढून ठेवायला सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा किडा वळवळला.

मी काउंटरवर जाऊन विचारलं. महापालिकेच्या रिंकवर आइस टाइम हवा असेल तर कुणाच्या तरी नावाने परमिट लागतं. या अकॅडमीच्या नावाने काहीच नव्हतं. त्यानंतर दर आठवड्याला नवं काहीतरी सुरू झालं: रिंकचा कॉम्प्रेसर बिघडलाय, झॅम्बोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) बंद पडलीय, दुसऱ्या टीमने स्लॉट पळवला. एकदा ‘कॉम्प्रेसर बिघडलेल्या’ रिंकवर मी मुद्दाम जाऊन आले. आत दहा-अकरा वर्षांच्या मुलींची मॅच चालू होती आणि पालक कॉफी पीत उभे होते.

शेवटी ‘स्प्रिंग शोकेस टीम’साठी आणखी ६०० डॉलर मागितले. आम्ही नाही म्हटलं. तसंच इतर दोघातिघांनीही. दोन दिवसांत अकॅडमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय झाली आणि नंतर अॅडमिनही गप्प.

पैसे गेले होते इंटरॅक ई-ट्रान्सफरने, एका खासगी ई-मेलवर, ऑटोडिपॉझिट चालू, म्हणजे पाठवताक्षणी थेट त्याच्या खात्यात. बँकेने हात वर केले: तुम्ही स्वतः पाठवलेत, समोरच्याच्या खात्यात जमा झालेत, आता परत खेचता येत नाहीत. क्रेडिट कार्ड असतं तर निदान तक्रार लावता आली असती. ‘कार्डाला तीन टक्के जादा’ असं जो म्हणतो, त्याला ते तीन टक्के द्या.

कायद्याची बाजू मात्र वाटली होती त्यापेक्षा भक्कम निघाली. ओंटारिओच्या २००२ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे आगाऊ घेऊन दिलेलं खेळाचं प्रशिक्षण जिम आणि डान्स क्लासच्याच खात्यात मोडतं. करार लेखी हवा, एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा नको, हप्त्याने भरायची सोय द्यायलाच हवी आणि कराराची प्रत हातात पडल्यापासून १० दिवसांत काहीही कारण न देता रद्द करता येतो. नियमाप्रमाणे प्रत मिळालीच नसेल तर करार केल्यापासून एक वर्षापर्यंत रद्द करता येतो. आमच्याकडे करार म्हणून होता तो फ्लायर. आम्ही काही कुटुंबांनी मिळून या कायद्याचा दाखला देत लेखी नोटीस पाठवली, तेव्हा गिअरचे पैसे तुकड्यातुकड्यात परत आले. ट्रेनिंगचे नाहीत. स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जाता येतं, पण समोरच्याला कागद पोचवायला त्याचा खरा पत्ता लागतो आणि आमच्याकडे होता तो एका पोस्ट बॉक्सचा. कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे आणि पोलिसांकडे तक्रार दिली आहे.

आता न बोलण्याबद्दल. नोटिशीवर सह्या गोळा करायला मी फोन केले तेव्हा निम्म्याहून जास्त जणांचं उत्तर एकच: “जाऊ दे ना, आपल्यातलाच माणूस आहे, उगाच नाव खराब होईल.” कुणाचं नाव? त्याने आपल्यातलं असण्याचेच तर पैसे केले. एका काकूंनी तर मलाच समजावलं की त्याच्या बायकोला वाईट वाटेल.

खरी वाट कशी असते ते त्या ट्रेनरबाईंमुळे कळलं. संघटनेत नाव घालताना आधी पालकालाच ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ नावाचा ऑनलाइन कोर्स करावा लागतो. कोचला पोलिसांकडून व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पूर्वइतिहासाची तपासणी, आणावा लागतो, आणि तो मागितला तर खरा कोच रागावत नाही. आमचे महाशय रागावले होते. पूर्वी कधीच हॉकी न खेळलेल्या ६ ते १० वर्षांच्या मुलांसाठी ‘फर्स्ट शिफ्ट’ नावाचा कार्यक्रम आहे. त्यात सगळं गिअर आणि बर्फावरची सहा सत्रं मिळतात, तीही आमच्या फक्त गिअरला लागले त्याच्या कितीतरी कमी पैशांत. जागा लवकर भरतात, एवढंच. नुसतं स्केटिंग शिकवायचं तर स्केट कॅनडाचं कॅनस्केट आहे. हेल्मेट आणि नेक गार्ड लेबल बघून दुकानातून नवे घ्या, स्केट्स पायात घालून, उभं राहून घ्या. शिन पॅड, पँट, एल्बो पॅड जुने चालतात. मुलं ते झिजवायच्या आत त्यातून बाहेर येतात आणि रिंकच्या नोटिस बोर्डावर असे सेट कायम असतात. खर्चाची अडचण असेल तर जंपस्टार्ट आणि किडस्पोर्ट या संस्था मदत करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गेल्या आठवड्यात तोच फ्लायर पुन्हा दिसला. नाव नवीन, लोगो नवीन, पण फोटोतली पोरं तीच, आणि त्यात डावीकडून दुसरा माझा मुलगा. फोटो काढून टाकायला मी लेखी कळवलं आहे. ज्यांचे पैसे याच माणसाकडे अडकलेत त्यांनी ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, ई-ट्रान्सफरच्या पावत्या आणि फ्लायरचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपा, आणि व्यवहार ठरल्यापासून वर्ष व्हायच्या आत नोटीस पाठवा. नोटिशीचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, मागितला तर देईन.