एमएक्स-५ चं सिल: २,६०० पौंड गेले, आत निघाला फोम

लिहायची लाज वाटते. तरी लिहितोय, कारण माझ्या एमएक्स-५ गाडीची गंजलेली सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या) कापून वेल्ड करायला ज्याला दिली, तो माणूस अजून धंदा करतोय.

२,६०० पौंड. त्यातले ९०० आगाऊ, १४ ऑक्टोबर २०२४ ला बँक ट्रान्सफरने. ६५० ‘पॅनल आणि मटेरियल’चे, दहा दिवसांनी, तेही ट्रान्सफरने. १,०५० रोख, गाडी ताब्यात घेताना. त्या बदल्यात दोन्ही सिलमध्ये फोम, फोमवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, तिच्यावर पुट्टी आणि सगळं झाकायला काळं अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला मारायचा जाड लेप. वेल्डिंगचा एक टाका नाही.

गाडी १९९१ ची, लाल, १.६ इंजिनाची, जपानमधून इंग्लंडात आलेली युनॉस रोडस्टर. म्हणजे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. ती कुठे सडते हे ही गाडी बाळगणाऱ्याला सांगावं लागत नाही: दाराखालच्या पेटीचं मागचं टोक, मागच्या चाकाच्या लगेच पुढे. छताच्या मागच्या पन्हळीतलं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली उतरतं. पानं, धूळ, छताच्या कापडाचे तंतू यांनी नळी तुंबली की पाणी आत शिरतं आणि सिलमध्ये साचतं. बाहेरून चाकाने उडवलेला चिखल आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकावरच्या कमानीच्या दुहेरी पत्र्यात अडकतं. पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतला थर बहुतेक गेलेला असतो.

बाकी सगळं घरी केलं आणि हेच बाहेर का दिलं, असं विचारणारे विचारतील. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ब्रेक कॅलिपर, बुश, सगळं घरीच झालं. पण ही कापडी छताची उघडी गाडी आहे, पत्र्याच्या छताचा आधार नाही. सांगाड्याची ताकद मुख्यतः दोन सिल आणि दोन सीटांमधल्या बोगद्यात आहे. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मधून खचते आणि दार पुन्हा नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू कापायची, दाराच्या चौकटीत आडवी पट्टी टाकून ती आधी बांधायची, कापण्याआधी आणि नंतर दाराची फट मोजायची. घरच्या उतरत्या ड्राइव्हवेवर, छोट्या मिग वेल्डिंग यंत्रावर हे शिकायचं नाही, असं ठरवलं. तो निर्णय आजही चूक वाटत नाही. माणूस चुकला.

आणि माणूस भामटा दिसत नव्हता. भाव स्वस्त नव्हता, उलट दुसऱ्या दोघांपेक्षा शंभरेक पौंड जास्तच. शेडमध्ये दोन एमएक्स-५ लिफ्टवर होत्या. बोलण्यात माहिती होती: आतला मजबुतीचा पत्राही बदलावा लागतो, नुसता बाहेरचा तुकडा लावून भागत नाही, हे त्याने न विचारता सांगितलं. ते खरंच आहे. फसवणारा तुमच्यापेक्षा कमी जाणतो, या समजुतीवर राहू नका.

आता तो फोटो.

कामाचे ११ फोटो व्हॉट्सॲपवर आले. चौथ्यात डावं सिल कापलेलं, नवा तुकडा टाक्यांवर बसवलेला, काम सुरेख. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात दारामागच्या खांबाची दोन बोटं रुंद कड दिसत होती, आणि ती चंदेरी होती. गाडी लाल. विचारलं, तर उत्तर आलं: “झिंक प्रायमर आहे.” आणि मी ते मान्य केलं.

सगळं समोर होतं. झिंक प्रायमर मंद, करडा असतो. ही कड चमकत होती, फोटो मोठा केल्यावर रंगातले धातूचे कण दिसत होते. त्याच कडेवर सीलरची (पत्र्याचा जोड बुजवणाऱ्या लेपाची) रेघ होती आणि तिच्यावरून तोच चंदेरी रंग गेला होता. प्रायमर सीलरच्या आधी लागतो. सीलरवर चढलेला चमकता रंग म्हणजे गाडीचा वरचा रंग, प्रायमर नव्हे, म्हणजे ती गाडीच दुसरी. तीस सेकंदांत कळणारी गोष्ट. पण जपानी आयात गाड्या रंग बदललेल्या निघतात, आपलीही तशीच असेल, असं मनाने परस्पर पटवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ६५० पाठवले. त्या ६५० चा राग जास्त येतो. मागच्या सिलचे दोन्ही दुरुस्ती तुकडे आणि लागणारा सपाट पत्रा २०० पौंडांच्या आत बसतो, हेही माहीत होतं.

गाडी २२ नोव्हेंबरला आली. अंडरकोटिंगचा वास ताजा, थर जाड, सिलच्या तळाची पाणी निघायची भोकंसुद्धा बुजलेली. वेल्डिंग करणारा माणूस ती भोकं बुजवत नाही, कारण त्यातूनच नंतर आत गंज रोखणारं मेण मारायचं असतं. ही दुसरी खूण, तीही सोडली. डिसेंबरच्या सुरुवातीला एमओटी चाचणीत, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याच्या वार्षिक तपासणीत, गाडी पासही झाली.

एप्रिल २०२५ मध्ये नवे शॉक आणि कडक स्प्रिंग बसवायला मागच्या बाजूला जॅक लावला. करकर आवाज झाला, जॅकचं डोकं सिलमध्ये घुसलं आणि पापड मोडावा तशी पट्टी मोडली. पुट्टीचं एक ढेकूळ जमिनीवर पडलं. व्हर्नियरने मोजलं, जाड जागी २२ मिमी. पुट्टी दोन-तीन मिमीच्या वर देऊच नये. ढेकळाच्या पाठीवर चिकटपट्टीच्या सुरकुत्या उमटल्या होत्या. मागे पिवळा फोम, पिळला की पाणी गळणारा, आणि फोममागे गंजाचे पापुद्रे. फोम स्पंजासारखा पाणी धरतो, म्हणजे पाच महिन्यांत उरलेला पत्राही त्यानेच खाल्ला. गाडी त्या क्षणी स्टँडवर नव्हती आणि खाली कोणी नव्हतं, एवढंच बरं. या गाडीखाली जायचं असेल तर स्टँड सिलच्या कडेवर नको, सबफ्रेमखाली (चाकांची जोडणी धरणाऱ्या लोखंडी चौकटीखाली) लावा.

बँकेचा अनुभव. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रान्सफरच्या फसवणुकीत पैसे परत देण्याचा नियम लागू आहे, आमचे पैसे त्यानंतर गेले. उत्तर आलं: काम झालं आहे, दर्जाबद्दल वाद आहे, तो दिवाणी. दर्जाचा वाद? दुसऱ्याच्या गाडीचा फोटो ‘तुमच्या गाडीचा’ म्हणून पाठवून ६५० पौंड उकळले, याला दर्जाचा वाद म्हणतात? पोलिसांकडे फसवणुकीच्या तक्रारीसाठी फोन केला, ४७ मिनिटं थांबवलं, संदर्भ क्रमांक दिला आणि सहा आठवड्यांनी पत्र: तपास होणार नाही. २००६ च्या फ्रॉड ॲक्टच्या कलम २ मध्ये खोट्या प्रतिपादनाने फसवणूक हा गुन्हा आहे, हे मीच त्यांना लिहून कळवलं. त्याला उत्तर नाही. ग्राहक मदत लाइनवरची बाई सौजन्याने बोलली, तक्रार ‘पुढे पाठवली’, आणि वैयक्तिक प्रकरणात कोणी लक्ष घालत नाही हेही तिनेच सांगितलं. मग लक्ष घालायचं कोणी? एमओटीवाल्याने हात झटकले: परीक्षक काही उकलत नाही, दिसेल तेवढं बघतो. पास झालेल्या गाडीबद्दल गंजाची तक्रार चाचणीपासून ३ महिन्यांत करावी लागते. कळलं तेव्हा चौथा महिना उलटलेला. प्रत्येक खिडकीवर कागद तोच, फोटो तेच, आणि प्रत्येकाने बोट पुढच्या खिडकीकडे दाखवलं.

शेवटी स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट. तज्ज्ञाच्या तपासणी अहवालाला १८० पौंड, दाव्याची रक्कम २,७८०, फी ११५. तो आलाच नाही, निकाल आपल्या बाजूने लागला. वसुली शून्य. बिलावर एका लिमिटेड कंपनीचं नाव होतं, पैसे गेले वैयक्तिक खात्यात, शेड भाड्याचं आणि आता रिकामं. कंपनी सरकारी नोंदीतून केव्हाच काढून टाकलेली होती. कंपनीज हाऊसची ही नोंद फुकट दिसते. पहिल्या ९०० च्या आधी बघायला हवी होती.

बिलावरचं नाव आणि खात्याचं नाव वेगळं असेल तर पैसे पाठवू नका. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डनेच द्या: किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल तर कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते, थोडा भाग कार्डने दिला तरी पूर्ण रकमेसाठी. कार्ड घेत नाही म्हणाला तर गाडी परत आणा.

गाडी देण्याआधी सिलच्या आतल्या बाजूला, गालिचा उचलून, पत्र्यावर मार्करने खूण करा. प्रत्येक फोटोत ती खूण किंवा नंबर प्लेट हवी. आणि कापलेले सडके तुकडे परत मागा. खरं काम करणाऱ्याकडे ते भंगारात पडलेले असतात, खोट्याकडे नसतातच. अंडरकोटिंग मारण्याआधी स्वतः जाऊन पाहा. जाता येत नसेल तर अंडरकोटिंग नको म्हणा.

गाडी आल्यावर: फ्रिजचं लोहचुंबक सिलवरून फिरवा, जिथे सुटतं तिथे पुट्टी. सीटमागच्या नळीत एक लिटर पाणी हळू ओता, ते मागच्या चाकाच्या पुढे खाली गळलं पाहिजे. नळी साफ करताना तार घालू नका, भोक पडतं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी चालते. फोनला जोडायचा बारीक कॅमेरा सिलच्या भोकातून आत घाला. एमओटीचा जुना इतिहास फुकट दिसतो, त्यात सिलच्या गंजाची नोंद एका वर्षी असून पुढच्या वर्षी गायब असेल तर दुरुस्तीचं बिल मागा.

आता डावी बाजू दुसरीकडे कापून झाली. जुना पत्रा चकाकेपर्यंत मागे कापला, आतला थर १ मिमीच्या पत्र्यातून घडवला, जोडावर वेल्डिंगखाली चालणारा झिंक प्रायमर, कडा सलग वेल्ड केल्या, मग सीलर, रंग आणि सगळ्यात शेवटी आत मेण. मेण आधी मारलं तर वेल्डिंगमध्ये पेट घेतं. बॅटरी डिकीत असते, ती आधी सोडवा, गालिचे बाहेर काढा, पेट्रोलची टाकी सीटमागेच आहे हे विसरू नका. या एका बाजूचे १,३५० झाले. सडके तुकडे खोक्यात घरी आलेत. उजवी बाजू सप्टेंबरात.

त्या माणसाची जाहिरात इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये नव्या नावाने पुन्हा चालू आहे. डाव्या सिलचा तोच फोटो त्यात आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यात चंदेरी कड, तिच्यावर रंगाखाली गेलेली सीलरची रेघ, आणि खाली काँक्रीटवर निळ्या हँडलचा ग्राइंडर. तो फोटो कोणी पाठवला तर पैसे देऊ नका, आणि फोटो जपून ठेवा.