सर्व्हर गेला नव्हता, एक ओळ अडली होती

ज्यांच्या दुकानात किंवा ऑफिसात कोपऱ्यात एक सर्व्हर चालू असतो आणि त्याची सगळी माहिती बाहेरच्या एकाच माणसाला असते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझे 37,900 रुपये गेले. ते कसे गेले, हे सविस्तर सांगतो.

कोल्हापुरात आमचा छापखाना आहे. 2019 च्या महापुरात दोन कॉम्प्युटर पाण्यात गेले. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा दारात आलं. त्यानंतर आम्ही उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा एक छोटा सर्व्हर घेतला. आत एकच डिस्क, बूट म्हणजे सर्व्हर सुरू होणंही तिच्यावरून आणि गिऱ्हाइकांच्या फायलीही तिच्यावरच. रोज रात्री कॉपी घ्यायला बाहेरून एक यूएसबी डिस्क जोडलेली. हे सगळं ओळखीच्याच एका मुलाने बसवून दिलं होतं. मला काका म्हणायचा, घरी चहाला यायचा.

जुलै 2024 मध्ये पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी वाढायला लागली, तेव्हा मी ती यूएसबी डिस्क काढून घरी नेली. पूर आलाच तर निदान एक कॉपी वर सुरक्षित राहील, एवढाच विचार. सर्व्हर चालू होता, काही बिघडलं नाही. दोन दिवसांनी रात्री लाईट गेली, यूपीएस संपला. सकाळी सर्व्हर चालू केला तर दीड मिनिट कशाची तरी वाट बघत थांबला आणि मग काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत ओळ आली: तुम्ही इमर्जन्सी मोडमध्ये आहात.

गणपती दीड महिन्यावर. मंडळांची पावती पुस्तकं, अहवाल, सगळं त्यात. मी त्या मुलाला बोलावलं. तो आला, दोन-तीन मिनिटं कीबोर्डवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "काका, बूट सेक्टर उडालाय. फाईल सिस्टीम पूर्ण करप्ट आहे. डिस्क पुण्याला लॅबमध्ये पाठवावी लागेल."

मी म्हटलं, "घरी बॅकअपची डिस्क आहे, ती आणतो."

"अजिबात जोडू नका. तिलाही लागण होईल, मग काहीच हातात राहणार नाही."

या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. ती डिस्क जोडून सर्व्हर पुन्हा चालू केला असता, तर तो तिथल्या तिथे सुरू झाला असता. आणि हे त्याला माहीत होतं.

तो सर्व्हर उचलून घेऊन गेला. चार दिवसांनी आणला. रिकव्हरीचे 28,500 आणि नव्या डिस्कचे 9,400 घेतले. बिल हाताने लिहिलेलं, त्यावर डिस्कचा सीरियल नंबर नाही. कॅबिनेटच्या स्क्रूवर स्टिकर: उघडल्यास वॉरंटी रद्द. सगळ्या फायली जागेवर होत्या, म्हणून मी त्याचे आभारसुद्धा मानले.

ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेला भाचा आला. तो पुण्यात सर्व्हरचीच कामं करतो. मी त्याला म्हटलं, डिस्क भरत आल्याचा इशारा येतोय, जरा बघ. त्याने आधी एफएसटॅब नावाची फाईल उघडली. कोणती डिस्क कुठे जोडायची, हे सर्व्हर सुरू होताना त्या फाईलमधून वाचतो. यूएसबी डिस्कच्या ओळीपुढे हॅशची खूण टाकून ती ओळ बंद केलेली होती. फाईल शेवटची बदलल्याची वेळ निघाली, ज्या दिवशी सर्व्हर नेला त्याच दिवशी रात्री 8 वाजून 46 मिनिटं. मग त्याने जर्नलमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतःच ठेवतो त्या नोंदींत, सर्व्हर कधी कधी चालू झाला त्याची यादी काढली. त्या रात्री तो व्यवस्थित चालू होऊन, काही मिनिटं चालून बंद केलेला. पुढची नोंद थेट चार दिवसांनंतरची, आमच्या छापखान्यातली. म्हणजे सर्व्हर नेला त्याच रात्री सुरू झाला होता.

"मामा, डिस्क नवीन घेतली म्हणालात ना?" त्याने स्मार्टसीटीएल हा डिस्कची स्वतःची नोंद दाखवणारा प्रोग्रॅम चालवला. डिस्क चालल्याचे तास 24,600. वर्षाचे तास 8,760 होतात. एक महिन्यापूर्वी घेतलेल्या डिस्कवर पावणेतीन वर्षांचे तास. सीरियल नंबर 2021 च्या बिलाशी ताडून बघितला, तोच. माझीच डिस्क मला 9,400 रुपयांना विकली होती.

भाच्याने जे समजावलं, ते मला त्या सकाळी माहीत असायला हवं होतं. इमर्जन्सी मोडची ओळ दिसते, तेव्हा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणि बरीचशी सिस्टीम त्याच डिस्कवरून वाचली गेलेली असते. बूट सेक्टर, म्हणजे डिस्कचा जिथून सिस्टीम सुरू होते तो पहिला भाग, खरंच उडाला असता तर सर्व्हर तिथपर्यंत पोचलाच नसता. बूट करायला डिस्क मिळत नाही असं बायोसनेच, म्हणजे सर्व्हर चालू करताच सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमनेच, सांगितलं असतं, किंवा सिस्टीम सुरू करून देणाऱ्या ग्रबची ग्रब रेस्क्यू अशी पाटी येऊन थांबला असता. फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या फायलींची मांडणी, खरंच बिघडली की बहुधा एफएससीके हा ती तपासणारा प्रोग्रॅम हाताने चालवा असा संदेश येतो, आणि तेही माउंट केलेल्या, म्हणजे जोडून वापरात असलेल्या, डिस्कवर करायचं नसतं. जमलं तर आधी डिस्कची कॉपी काढायची. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. एफएसटॅबमध्ये लिहिलेली डिस्क सापडली नाही, नव्वद सेकंद वाट बघून सर्व्हर थांबला. त्या ओळीत नोफेल हा एक शब्द असता, तर तो त्या डिस्कशिवाय पुढे गेला असता. ती ओळ 2021 मध्ये त्या मुलानेच लिहिली होती.

पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच होतं. ओळ बंद केल्यामुळे मी यूएसबी डिस्क परत आणून लावली तरी ती जोडलीच जात नव्हती. रात्रीची कॉपी मात्र चालू होती, आणि ती त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच बूट डिस्कवर पडत होती. डिस्क भरत होती ती त्यामुळे. महिनाभर आमच्याकडे बॅकअप नव्हता, आणि मी रोज रात्री निर्धास्त शटर ओढत होतो.

त्याला दुकानात बोलावून यादी आणि नंबर समोर ठेवले. आधी म्हणाला, लॅबवाल्यांनी फसवलं. लॅबचं बिल मागितलं तेव्हा गप्प झाला. 15,000 परत दिले, त्यानंतर फोन उचलत नाही. बाकीच्या रकमेसाठी ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे, त्या यादीचे आणि सीरियल नंबरचे फोटो वकिलांकडे दिलेत.

सर्व्हर आता भाच्याने नीट करून दिलाय. ओळीत नोफेल टाकलंय, आणि यूएसबी डिस्क खरंच जोडलेली असेल तरच कॉपी सुरू होते. दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर मी गल्ल्यातल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. दुरुस्तीला काही बाहेर न्यायचं असेल, तर नेणाऱ्याची सही त्या नंबराखाली घेतो.